मायक्रोप्रोसेसरचा नेम

त्या आषाढात सरोजिनीबाईंचे सात नेम चालू होते. आठवा नांदेडच्या एस.टी.नं आला.

सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन, मंगळवारी देवीला पाच प्रदक्षिणा, गुरुवारी अळणी, शुक्रवारी आंबट नाही, संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत उपास, चार महिने वांगं वर्ज्य आणि रोज सकाळी देवापुढं एकशे आठ अक्षता. यात अवघड असं काही नाही, असं त्या म्हणत. एक वही ठेवली आणि कुठल्या दिवशी काय ते लिहून ठेवलं, की बाकीचं देव बघतो. त्यांच्या या वहीला त्यांचे यजमान मार्तंडराव हरंगुळकर मनातून फार मानत, पण बोलून दाखवत नसत. कारण मार्तंडराव हे लातूरच्या एका शाळेत बावीस वर्षं वेळापत्रक बसवत आले होते, आणि घरात वेळापत्रकाचे जाणकार दोन असले की एकाला गप्प बसावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं.

तर त्यांची लेक मृण्मयी शनिवारी दुपारी आली आणि तिनं पिशवीतून एक चार पानी कागद काढला. ती नांदेडला संगणक अभियांत्रिकी शिकत होती. दोन वर्षं संपली होती, दोन राहिली होती.

"कॉलेजनं यंदा नवीन काढलंय," ती म्हणाली. "राहिलेल्या चार सत्रांत कुठले विषय कधी घेणार, त्याचा आराखडा आत्ताच भरून द्यायचा. पालकांच्या सहीनं. शुक्रवार शेवटचा दिवस."

मार्तंडरावांनी चष्मा पुसला. पंगतीत कुणी आपल्यालाच वाढायला बोलवावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"बाबा, तुम्ही फक्त सही करायची आहे," मृण्मयी घाईघाईनं म्हणाली. "माझं ठरलंय. सक्तीचे विषय आहेत ते आहेतच. ऐच्छिकमध्ये मला येत्या सत्रातच मायक्रोप्रोसेसरची उपकरणं घ्यायचीत. हातानं यंत्र जोडायचं, तारांना डाग द्यायचा, चालवून बघायचं."

सरोजिनीबाईंना यात नवल वाटलं नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर सगळं लातूर अंगणात झोपत होतं, तेव्हा घरोघरी उशाशी फुलपात्रावर फुलपात्र रचून ठेवत. जमीन हलली की ती पडावीत आणि जाग यावी म्हणून. तेरा वर्षांच्या मृण्मयीनं त्या उतरंडीला तार, सेल आणि सायकलची घंटी जोडली होती. ती घंटी मांजर गेलं तरी वाजायची आणि सगळी गल्ली रामरक्षा म्हणत उठायची. पण वाजायची, हे खरं.

"पण एक आहे," मृण्मयी म्हणाली. "मुकुल सर शिकवणार आहेत. दहा जण आले तरच वर्ग भरेल. टेबलं सहा, एका टेबलाला दोघं, म्हणजे बारापेक्षा जास्त नकोत. दहा झाले नाहीत तर सगळ्यांना कोबोल, ती जुनी संगणकभाषा."

"आत्तापर्यंत किती झाले?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"मी."

यावर खरं तर सही करून मोकळं व्हायचं. पण हे लातूर होतं. इथं पोरगं नववीत गेलं की दहावीचं पुस्तक संपलेलं असतं, आणि दहावीत गेलं की आई-बाप अकरावीच्या क्लासच्या रांगेत उभे असतात. चार सत्रांचा अभ्यासक्रम समोर पडलाय आणि त्यावर नुसती सही करायची, हे मार्तंडरावांच्या बावीस वर्षांच्या सेवेला कमीपणा आणणारं होतं. त्यांनी ड्रॉइंगचा मोठा कागद आणला, चार रंगांची स्केचपेनं आणली, आणि पाटावर बसले.

शेजारचे सिद्रामप्पा डाळीचे व्यापारी. भिंतीला भिंत लागून घर. त्यांचा शिवांश मृण्मयीच्याच वर्गात. ते आले ते कागदावर सावली पडेल असे उभे राहिले.

"काय करून राहिला, मास्तर?"

"आराखडा."

"त्यात काय करायचंय? कोबोल लिवा. आमचे जावई मन्मथ हैदराबादला कंपुटरात हायत. ते सांगून राहिले, दोन हजार साल लागलं की समद्या दुनियेचे कंपुटर बंद पडणार. कोबोलवाल्याला अमेरिका घरी गाडी पाठवून न्हेती."

"काका," मृण्मयी म्हणाली, "दोन हजार साल लागायला पाच महिने राहिलेत. आम्हाला पास व्हायला दोन वर्षं आहेत."

सिद्रामप्पांनी यावर मनापासून विचार केला. "मग तर लई घाई केली पाहिजे," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत मार्तंडरावांचे तीन आराखडे झाले. पहिला सुंदर होता, पण त्यात अवघड विषय सगळे सकाळच्या ताजेपणी यावेत म्हणून पाचव्या सत्रात घेतले होते. मृण्मयीनं सांगितलं की ते तसे घेता येत नाहीत. दुसऱ्यात गणित शुक्रवारी ठेवलं होतं. मृण्मयीनं सांगितलं की यात वार नाहीतच. तिसऱ्यात खेळाचा तास निघाला. सातव्या आराखड्याला रविवारची दुपार झाली आणि मार्तंडरावांनी स्केचपेन खाली ठेवलं.

"या कॉलेजवाल्यांना वेळापत्रकातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "शाळेत भूगोल आधी घ्या नाहीतर इतिहास, कुणाचं काही अडत नाही. यांचं मात्र प्रत्येकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात."

सरोजिनीबाई जवळच वाती वळत बसल्या होत्या. कागदाकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

"अहो, राग येणार नसेल तर सांगते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू होता की राग यायचा असेल तर माणसाला आधी पुढं वाकून ऐकावं लागे आणि तोवर राग निघून जाई. "हे सोळा सोमवारांसारखं आहे. सोळा झाल्याशिवाय उद्यापन नाही. इथं बघा, या विषयासमोर लिहिलंय, आधी तो विषय झालेला पाहिजे. मग त्याला मागं धरायचं, त्याच्या मागचा त्याच्याही मागं. शेवटाकडून उलटं येत गेलं की आपोआप बसतंय."

त्यांनी वातीची परडी बाजूला ठेवली आणि वहीच्या पानावर वीस मिनिटांत चारही सत्रं बसवली. मृण्मयीनं तपासून पाहिली. एकही विषय आपल्या आधीच्याच्या आधी आला नव्हता.

मार्तंडराव उठून अंगणात गेले. तुळशीला पाणी आधीच घातलेलं होतं, ते त्यांनी पुन्हा घातलं. परत आले आणि म्हणाले, "अक्षर तुझं बरं आहे. तूच उतरव. मी सही करतो."

आता तो कागद तीनच पानी असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण चौथ्या पानावर एक तक्ता होता. मथळा होता: पालकांचे सहकार्य. डावीकडे विषय, मधे आई काय करील, उजवीकडे वडील काय करतील. असले तक्ते कुठल्या ना कुठल्या साहेबाला सुचतात आणि सगळे पालक त्यात वरपासून खालपर्यंत 'पूर्ण सहकार्य' असं लिहून टाकतात. सरोजिनीबाईंना तसं लिहिता येईना. पूर्ण सहकार्य म्हणजे काय? ते किती दिवस? कुठल्या वारी? कागदावर सही होणार, म्हणजे तो संकल्पच झाला. देवासमोर कुणी 'पूर्ण भक्ती' असा नेम धरतं का?

त्यांनी मृण्मयीला एकेका विषयाचा जडपणा विचारून घेतला आणि तसतशी ओळ लिहीत गेल्या. ऑपरेटिंग सिस्टिम: आई गुरुवारी अळणी जेवील. अळणी चालूच होतं, पण ते दत्ताचं होतं, म्हणून यासाठी गुरुवारी एकभुक्तही वाढवलं. डेटा स्ट्रक्चर: आई रोज अकरा दूर्वा वाहील. वडिलांच्या रकान्यात: वडील रोज पंधरा मिनिटं मौन पाळतील. शेवटी मायक्रोप्रोसेसर आला. मृण्मयीच्या जिवाचा विषय तो, त्याला नेमही तसाच हवा. वडिलांसमोर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: सत्र पुरं होईपर्यंत वडील चहा सोडतील.

"अहो, तुमच्या रकान्यात चहा लिहिलाय," त्यांनी सांगितलंही. मार्तंडराव आपला पहिला आराखडा, तो सुंदर होता तो, गुंडाळून कपाटावर ठेवत होते. "बरं बरं," ते म्हणाले, आणि सही केली. सही करण्याआधी वाचा, असं बावीस वर्षं मुलांना सांगत आलेल्या माणसानं वाचलं नाही. शिक्षकांचं हे असं होतं, आयुष्यभर दुसऱ्यांना सांगता सांगता त्यांचं स्वतःला सांगायचं राहून जातं.

कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं, वर श्री आला, आणि झालं.

तेवढ्यात सिद्रामप्पा पुन्हा आले. जावयाचा फोन लागत नव्हता, शिवांशचा कागद कोरा होता.

"वैनी, तुमचा कागद द्या जरा. झेरॉक्स काढून आणतो. एका गल्लीतली लेकरं, दोन आराखडे कशाला?"

"पण तुम्ही तर कोबोल," मृण्मयी म्हणाली.

"अगं, ते जावयाचं म्हणणं. तू बारावीला पैली आलीस, ते काय जावई आला व्हता का?"

हा मुद्दा बिनतोड होता. लातुरात जो पहिला येतो, त्याची वही लोक उतरवतात, त्याची वेळ पाळतात, तो कुठल्या बाकावर बसला होता ते विचारतात. मृण्मयीनं बारावीला हिरव्या शाईनं समास आखला होता, तर पुढच्या जूनमध्ये गंजगोलाईच्या बाजारात हिरवं पेन मिळेनासं झालं होतं.

झेरॉक्सचं यंत्र नागप्पा सरांच्या क्लासमध्ये होतं. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेडात त्यांचा क्लास भरे. आत साडेतीनशे मुलं, बाहेर तेवढ्याच सायकली, आणि वर दोन वेण्यांतल्या मृण्मयीचा फोटो, उन्हानं कान पांढरे झालेला. नागप्पा सरांनी कागद हातात घेतला, पहिल्या पानावरचं नाव वाचलं आणि यंत्राचं बटण किती वेळा दाबलं ते त्यांचं त्यांनाच माहीत. त्यांची जुनी मुलं त्या कॉलेजात पन्नासच्या वर होती. नावाच्या जागी पांढरी पट्टी चिकटवली, खालची सही झाकली, बाकी सगळं तसंच ठेवलं. श्री सकट. कोपऱ्यातलं हळदकुंकू झेरॉक्समध्ये काळं आलं.

सोमवारी सकाळच्या नांदेड गाडीत मृण्मयी बसली, तेव्हा तिला हे काही माहीत नव्हतं. आई मौनात होती, म्हणून निरोप हातानंच झाला.

सत्र सुरू झालं त्या सकाळी मार्तंडरावांच्या समोर पाण्याचा तांब्या आला. चहा आला नाही.

"साखर संपली का?" त्यांनी विचारलं.

"नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांना वहीतली नक्कल दाखवली. तिच्याखालीही त्यांनी त्याच दिवशी सही केली होती.

मार्तंडराव दिवसाला सहा कप चहा घेणारे. त्यांनी आधी ही फसवणूक आहे असं म्हटलं, मग सही नाकारली, मग आपलीच सही पाहून म्हणाले की हा ज चुकीचा आलाय, मी असा ज काढत नाही. त्यांच्या सहीत ज नव्हता. त्या दिवशी शाळेत त्यांनी नववी ब ला एकाच वेळी संस्कृत आणि शारीरिक शिक्षण दोन्ही लावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पण संध्याकाळी घरी आले तेव्हा तोंडाला चहाचा वास नव्हता. सरोजिनीबाईंनी हे बघितलं आणि वहीत त्या दिवसापुढं खूण केली.

तिसऱ्या सोमवारी दुपारी सिद्रामप्पांच्या घरून हाक आली, नांदेडचा फोन आहे. सरोजिनीबाई गेल्या. फोन कानाला लावला.

"आई, आज सोमवार आहे मला माहितीये," पलीकडून मृण्मयी म्हणाली. "म्हणूनच आज केला. आज तू मधे बोलणार नाहीस. ऐक. माझ्या आराखड्यासारखे सत्तावन्न आलेत. अक्षरही तुझंच. माझा धरून अठ्ठावन्न. प्राचार्य म्हणतात, ही सामुदायिक नक्कल आहे, सगळे रद्द, सगळ्यांना कोबोल. मुकुल सरांनी कशीबशी शनिवारपर्यंत मुदत घेतलीये. सगळ्या पालकांना बोलावलंय. शनिवारी संध्याकाळी दहा ते बारा जणांची पक्की यादी दिली तर वर्ग भरेल, नाहीतर नाही. आणि आई, आख्खं कॉलेज मला विचारतंय, तुझे बाबा खरंच पंधरा मिनिटं गप्प बसतात का. मला दुसरं काही नको होतं गं. तेवढा एक विषय पाहिजे होता."

सरोजिनीबाईंच्या ओठांशी आलेलं त्यांनी मागं घेतलं. बाजूला सिद्रामप्पांच्या पत्नी लक्ष्मम्मा उभ्या होत्या. सरोजिनीबाईंनी खडूनं तिथल्या डाळीच्या भावाच्या पाटीवर लिहिलं, 'शनिवारी येते म्हणून सांगा,' आणि लक्ष्मम्मांनी फोनमध्ये ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

त्या रात्री दिवा लागल्यावर मौन सुटलं, तरी सरोजिनीबाई आधी वही उघडून बसल्या. लेकीचा विषय जातोय, हे एक. पण सत्तावन्न माणसांनी आपल्या हातच्या कागदावर संकल्प केलाय आणि त्यातल्या कितीजणांना तो ठाऊक तरी आहे? मोडला तर दोष कुणाला? लिहिणाऱ्या हाताला. हे त्यांनी मार्तंडरावांना सांगितलं.

"दोष नागप्पाला," मार्तंडराव म्हणाले. तीन आठवडे चहा न घेतलेल्या माणसाला न्याय लवकर सुचतो.

शनिवारी सकाळच्या नांदेड गाडीत बसायला जागा नव्हती. निम्मी गाडी बापांचीच होती. प्रत्येकाच्या हातात कॉलेजचं पत्र होतं आणि प्रत्येकजण ते घडी घालून खिशात सारत होता. सिद्रामप्पा आणि लक्ष्मम्मा पुढच्या सीटवर होते. चाकूरला गाडी दहा मिनिटं थांबली आणि सगळे बाप खाली उतरून चहाच्या टपरीला लागले. बशीत ओतून, फुंकून, समाधानानं. सरोजिनीबाई खिडकीतून बघत होत्या. प्रत्येक घोटाला त्या एकेक मोडलेला संकल्प मोजत होत्या.

"बघू नको," मार्तंडराव म्हणाले. ते स्वतः दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून, जिकडे नुसती भिंत होती, तिकडे बघत होते.

नांदेडला कॉलेजच्या मोठ्या वर्गात सगळे बसले. मुलं मागं उभी. मुकुल सर पोरसवदा होते, शर्टाच्या बाहीवर डाग दिल्याची दोन भोकं होती. त्यांनी अठ्ठावन्न कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मला कुणाला शिक्षा करायची नाही," ते म्हणाले. "मला दहा मुलं हवीत, ज्यांना हा विषय खरंच शिकायचाय. चिठ्ठ्या टाकल्या तर प्राचार्य ऐकणार नाहीत. कशी निवडू, सांगा."

दोघेतिघे म्हणाले, आमच्याच पोराला घ्या. एकानं विचारलं, यात अमेरिका आहे का?

तेव्हा सरोजिनीबाई उभ्या राहिल्या. इतक्या माणसांत त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या. आवाज नेहमीचाच निघाला, आणि तो ऐकू यावा म्हणून सगळा वर्ग चिडीचूप झाला.

"हे अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या. "मी फक्त आमच्या घरापुरतं लिहिलं होतं. तुमच्या कागदावर ते कसं आलं ते विचारत नाही. पण चौथ्या पानावर तुमची सही आहे. तुम्ही सत्र पुरं होईपर्यंत चहा सोडलाय, आणि घरी गुरुवारी एकभुक्त अळणी लिहिलंय."

पानं उलटल्याचा आवाज झाला. बराच वेळ होत राहिला.

"हे आम्ही वाचलं न्हाई हो बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच आले. संकल्प मोडला तर दोष लागतो. पण सोडला तर लागत नाही, सोडायची रीत आहे. ज्यांना जमणार नाही, त्यांनी पुढं यावं, नाव घेऊन पाणी सोडावं आणि कागद परत घ्यावा. कुणाला कमीपणा नाही. ज्यांना पाळायचंय त्यांचे राहू द्यावेत." आणि त्यांनी पिशवीतून पळी, भांडं आणि ताम्हण काढून टेबलावर मांडलं.

कारकून पुढं आला. "अर्ज मागं घ्यायला नियमात पाण्याची तरतूद नाही," तो म्हणाला.

"अर्ज तुम्ही घ्या," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पाणी मी घेते."

मुकुल सरांनी कारकुनाकडे पाहिलं आणि त्याला खुर्ची दिली.

रांग लागली. एकेक बाप येई, तळहातावर पळीभर पाणी घेई, नाव सांगून ताम्हणात सोडी, कागद उचली आणि हलक्या पावलानं बाहेर जाई. त्यांची मुलंही हलकी झाल्यासारखी दिसत होती, कारण बहुतेकांना मनातून कोबोलच हवं होतं. ताम्हण दोनदा भरलं. ते खिडकीखालच्या कुंडीत ओतायचं काम मार्तंडरावांकडे आलं आणि त्यांनी ते वेळापत्रकासारखं चोख केलं.

चाकूरच्या बाजूचा एक शेतकरी कागद न उचलता उभा राहिला. "आमच्यात चहा पीतच न्हाई कुणी," तो म्हणाला. "लेकरू बसू द्या की."

"मग तो नेम कसला?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "दुसरं काही सोडा."

त्यानं खिशातल्या तंबाखूच्या चंचीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग चंची टेबलावर ठेवली आणि मुलाच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

उदगीरच्या साखराबाई एकट्याच आल्या होत्या. त्या म्हणाल्या, माझ्या पोरीला वडील नाहीत, दोन्ही रकाने मी पाळीन. त्यांच्या कागदावर सरोजिनीबाईंनी स्वतःच कुंकू लावलं.

शेवटी टेबलावर मोजून दहा कागद उरले आणि रांगेत एकच माणूस. सिद्रामप्पा. त्यांनी तळहात पुढं केला.

मृण्मयीनं मागच्या भिंतीला पाठ टेकली. दहातला एक गेला की नऊ. शेजारी शिवांश मान खाली घालून उभा होता. त्याला कोबोल नको होतं, हे त्याच्या बापाखेरीज सगळ्या वर्गाला माहीत होतं. मुकुल सर कागदांकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. आणि सरोजिनीबाईंना, खोटं कशाला, पळी भरायला त्या वेळी जरा उशीर लागला. पण त्यांनी ती भरली. आपल्या लेकीसाठी दुसऱ्याला नेमात डांबून ठेवायचं नाही, एवढं त्यांना पक्कं होतं.

"थांबा, अक्का," लक्ष्मम्मा उठल्या. "ह्यांचं सोडा, पण मग माझं बी सोडवावं लागंल. एका कागदावर दोघांचं हाय. मी तीन गुरुवार अळणी खाल्लं, एकच वेळ."

सिद्रामप्पांनी मान वळवली. "तू?"

"अक्कानं लिवलं व्हतं. मी तवाच पोराच्या कागदावर वाचून घेतलं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"इचारलं कुटं तुमी? तुमी जावायाला फोन लावून राहिला व्हता."

सिद्रामप्पा तळहाताकडे बघत राहिले, जसं डाळीचा नमुना हातावर घेऊन बघतात तसं. मग त्यांनी हात धोतराला पुसला, कोरडाच होता तरी पुसला, आणि मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या वैनी ते पाणी," ते म्हणाले. "तीन गुरुवार तिचे झाले. आता मी चाकूरला आज एक कप घेतला, त्याचं काय?"

"तो अजाणता झाला," सरोजिनीबाई म्हणाल्या. "उद्यापासून धरा."

"उद्यापासून कशाला? आतापासून."

मुकुल सरांनी दहा नावं लिहून यादी प्राचार्यांकडे धाडली. अर्ध्या तासानं ती सही होऊन आली. मृण्मयीनं आईचा हात धरला तो सोडलाच नाही, तसंच तिला प्रयोगशाळेत घेऊन गेली. सहा टेबलं होती, त्यातली पाच आता भरणार होती. तिनं एका पाटीवर दोन तारा जोडल्या आणि मुगाच्या दाण्याएवढा तांबडा दिवा लागला. सरोजिनीबाईंचे हात आपोआप जुळले. दिवा लागला की ते जुळतातच. साखराबाईंनी जोडले, लक्ष्मम्मांनी जोडले, आणि मुकुल सरांनी इकडे तिकडे बघून आपलेही जोडले.

तेवढ्यात शिपाई किटली आणि कप घेऊन आला. आल्याचा वास सगळ्या खोलीभर पसरला.

"घ्या सर," मुकुल सर मार्तंडरावांना म्हणाले. "सकाळपासून फार दमलात."

मार्तंडरावांनी त्या कपाकडे पाहिलं. सरोजिनीबाईंकडे पाहिलं नाही. ताठ उभे राहिले आणि जन्मात कधी घेतला नसल्यासारखे म्हणाले, "आम्ही घेत नाही."

"हाव," सिद्रामप्पा म्हणाले आणि दोन पावलं किटलीपासून लांब सरकले. "आमच्या गल्लीत न्हाई घेत कुणी."